भिंतीतली जागा

४ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम.

तू वर्षातून दोनदा चार-चार पानं लिहितेस आणि मी दोन ओळींत आटपतो. या वेळी पानं माझ्याकडून. फोनच करणार होतो, पण तुझ्या कानांना फोनवरचं ऐकू येत नाही, आणि शेजारणीला मध्ये घालून ओरडून सांगावी अशी ही गोष्ट नाही.

मुंगी आजारी आहे. रक्ताचा आजार आहे. गेल्या वर्षी पायांवर निळे डाग उठायला लागले, तेव्हा आम्हाला वाटलं शाळेत धडपडते. आता ती मी नोकरी करतो त्याच हॉस्पिटलात चौथ्या मजल्यावर आहे. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर लोकांची वरखाली सोय लावतो आणि जेवणाच्या सुट्टीत चौथ्यावर उतरतो. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, खोटं बोलत नाहीत. पूर्वी 'बघू' म्हणायच्या, तेही आता म्हणत नाहीत.

तो दगड आठवतो ना? विसरशील कशी म्हणा. उपासना सुटली होती, अख्खी मंडळी बाहेर पडत होती, आणि भर दुपारी सगळ्यांदेखत मी कबरस्तानाच्या भिंतीतून माझा दगड पहारीने उपसला, खांद्यावर टाकला आणि चालता झालो. ही आपल्यातली नाही, हिच्याशी लग्न लागणार नाही, असं पंचांनी सांगितलं होतं. बाबांच्या एका शब्दावर ते गप्प बसले असते. बाबा स्वतःच्या पायांकडे बघत बसले. मग म्हटलं, घ्या, तुमच्या वचनातून मीच मला काढतो. मोठा शूर लागून गेलो होतो. स्टेशन येईतो खांदा सोलपटून निघाला.

वाटेत फेकून द्यायचा होता, पण हात होईना. तो आमच्या दाराशी असतो. मुंगी त्याच्यावर बसून बूट घालते. परवा पलंगावर पडल्यापडल्या ती म्हणाली, "पप्पा, आपल्याच दाराशी दगड का? बाकी कुणाच्या नाही." मी थोडक्यात सांगायला गेलो आणि सगळंच सांगून बसलो. की आमच्याकडे मुलाचा बाप्तिस्मा झाला की आजोबा त्याच्यासाठी एक दगड घडवतात, मुलाचा बाप मागच्या बाजूला आपल्या हाताने खूण कोरतो, आणि खूण आत, सपाट बाजू बाहेर, असा तो दगड भिंतीत बसतो. मग घरातलं सगळ्यात मोठं माणूस त्यावर हात ठेवून म्हणतं, "माझा होता तो तुझा आहे, तुझ्या लेकरांचाही राहील." तो म्हणजे देव. अब्राहामाला त्याच्या संततीसाठी जे वचन मिळालं तेच हे, आपल्या बोलीत. ज्याचा दगड भिंतीत, त्याची कबर भिंतीच्या आत. नाही त्याची बाहेर.

तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग माझा कुठाय?"

बापाचा दगड नसेल तर लेकराचा बसत नाही, हे मला पाठ आहे. न्हावीकाकांचा नातू गेला तेव्हा बाबांनीच हा नियम लावला, कारण काकांच्या मुलाने कधी बाप्तिस्मा घेतला नव्हता. ते पोर भिंतीबाहेर गेलं. मी तिथे चुना कालवत उभा होतो. तरी मागतो. बाबांना सांग, मुलीने काही उपसलेलं नाही. तिच्यासाठी एक दगड घडवा. माझ्यासाठी काही नको.

तुझा,
कपच्या
(या नावाने हल्ली मला कोणी हाक मारत नाही.)


१५ फेब्रुवारी

प्रिय कपच्या,
अनेक आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा शाळेच्या गणवेशांचं कापड कापणं चालू होतं. कात्री तशीच उघडी टाकून वाचलं. मग बाबांना वाचून दाखवलं. तुला माहीत आहे, मला स्वतःला ऐकू येईपर्यंत मी आवाज चढवते, म्हणजे आळीतल्या सगळ्यांनी ऐकलं असणार. ऐकू दे.

बाबा काही बोलले नाहीत.

लगेच वाकड्यात शिरू नकोस. ते ऐकत होते. 'मग माझा कुठाय' इथे आल्यावर त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. एवढंच मी लिहू शकते.

पण माझ्यातर्फे एक सांगते, ते दोनदा वाच. भिंतीतली तुझी जागा गेलेली नाही. कुणी काही म्हणो. याहून जास्त सांगायचं नाही असा मी शब्द दिलेला आहे, आणि या घरात दिलेल्या शब्दाचं काय होतं ते तुला ठाऊक आहे.

मुंगीचा बाप्तिस्मा झालाय का? नसेल तर करून घे. पण भावजयीला विचारून. आपल्या माणसांनी तिला एकदा दाराबाहेर उभं केलं, आता तिच्याच लेकराच्या बाबतीत तिला डावलायचं नाही. आणि मुंगीच्या हाताचं माप पाठव. कागदावर पंजा ठेवून भोवतीने पेन्सिल फिरव. कशाला म्हणून विचारू नकोस. मी शिंपीण आहे, मापं मागणं माझा धंदाच आहे.

तिला माझे पापे.
तुझी ताई


२६ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सलाम.

बाबा काही बोलले नाहीत. वा! पंचांसमोरही काही बोलले नव्हते. चौदा वर्षांत त्यांचा एक शब्द खर्च झालेला नाही, काटकसर असावी तर अशी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत आहे.

आणि तुझं ते जागा गेलेली नाही. कळलं गं. खड्डा अजून तसाच आहे, बुजवलेला नाही, हेच ना? खड्ड्याला जागा म्हणत नाहीत. माझा दगड माझ्या दाराशी आहे. रोज सकाळी मी त्याला ठेचकाळतो आणि रोज एक शिवी देतो. असल्या समजुती तू मला लहानपणी घालायचीस, आता पुरे.

बाप्तिस्मा झाला. हॉस्पिटलात एक म्हातारे पाळक येतात, त्यांनी केला. पाणी स्टीलच्या वाटीत घेतलं. वाटी हिने धरली. धरायच्या आधी तिने विचारलं, "मी धरली तर चालेल ना?" पाळक म्हणाले, "तू आई आहेस, मग दुसरं कोण धरणार?" एवढंच वाक्य चौदा वर्षांपूर्वी आपल्याकडे कोणाच्या तोंडून निघालं असतं तर आज मी हे पत्र लिहीत नसतो. समोरच बसलो असतो.

मुंगी रोज विचारते, झाला का माझा दगड. मी सांगतो, आजोबा घडवतायत. चक्क खोटं. काल म्हणाली, "आजोबा इतके हळू का घडवतात?" म्हटलं, काळा दगड फार कठीण असतो, बाळा.

पंजा सोबत आहे. बोटं सुजलेली आहेत, तेव्हा माप खरं धरू नकोस.

तुझा,
कपच्या


७ मार्च

प्रिय कपच्या,
अनेक आशीर्वाद.

पंजा पोचला. बाबांनी तो उशाशी ठेवलाय. सकाळी त्यावर आपला हात ठेवतात, मग दिवस सुरू होतो.

तू मुंगीशी खोटं बोललास असं लिहितोस. नाही बोललास. अंगणात टाकीचा घाव पडतो. मला ऐकू येत नाही, पण हाताला कळतो. काम हळू आहे, थांबत थांबत आहे. बाबा आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. घाई करू नकोस आणि मला खोदून खोदून विचारू नकोस.

तिला सांग, दगड काळाच आहे. एका कोपऱ्यात जरा तांबूस शीर आहे, ती बाहेरच्या बाजूला ठेवलीय. सांग की आत्याने बघितली.

तुझी ताई


१६ मार्च

ताई,

दगड होतोय म्हणतेस, मानतो. पण तो बसेपर्यंत इथे कोणी थांबेल असं डॉक्टरीणबाईंना वाटत नाही.

मुंगीला ते वाक्य हवंय. आजोबांच्या अक्षरात. तिने स्वतः मागितलंय. दगडावर हात ठेवून म्हणायचं ते वाक्य कागदावर लिहून, खाली सही करून पाठवा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने म्हणायचं असतं, तो माणूस जिवंत आहे, त्याला लिहिता येतं. एका ओळीने त्याचं काही झिजणार नाही. उलट टपाली पाठव. पाया पडतो.

कपच्या


२२ मार्च

प्रिय कपच्या,

बाबांची ओळ सोबत पाठवतेय. तिला लगेच वाचून दाखव. बाकी मागाहून लिहीन.

तुझी ताई


१९ एप्रिल

ताई,

मुंगी गेली. रविवारी सकाळी, वॉर्डातल्या नळाला पाणी यायच्या वेळेला. ही बादली लावायला बाथरूममध्ये गेली होती, ती परत येईपर्यंत संपलं होतं.

शेवटच्या आठवड्यात मुंगीने दोनदा विचारलं, आजोबांचं पत्र आलं का. पत्र माझ्या खिशात होतं. मी नाही म्हणालो.

तुला वाटलं मला कळणार नाही? 'ल' काढताना तू शेवटी टाका घातल्यासारखी गाठ मारतेस. शाळेतला माझा अर्धा अभ्यास तूच लिहून दिलास, तुझं अक्षर मी झोपेतही ओळखीन. तेही नीट कागदावर नाही, वर पेन्सिलीचा फराटा ओढलेल्या कुठल्यातरी रद्दी कागदावर. बापाने एक ओळ लिहायला नकार दिला आणि बहिणीने त्याच्या नावाने खोटी सही ठोकली. ते वचन म्हणून मी माझ्या लेकराला वाचून दाखवणार नव्हतो.

तिला शहराच्या कबरस्तानात ठेवलंय. डोक्याशी नंबर घातलेला लोखंडी पत्रा आहे. पेटी हिच्या भावाने स्वतः ठोकली. तो सुतारही नाही, दोन रात्री यूट्यूबवर बघून शिकला. हे तुमच्या वचनाबाहेरचे लोक.

शास्त्रात म्हटलंय, बापाचे अपराध तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत आणि दया हजार पिढ्यांपर्यंत. अपराध आमच्याकडे अगदी वेळेवर पोचले. दयेची गाडी चुकली असावी.

दगड खरंच घडत असेल तर थांबवा. माझं काहीही त्या भिंतीत नको. इथून पुढे तिथे कोण जगलं, कोण मेलं, ते मला कळवू नकोस.

कपच्या ही सही शेवटची.


३० जून

प्रिय कपच्या,
तुला आणि भावजयीला अनेक आशीर्वाद.

कोण मेलं ते कळवू नकोस म्हणालास. मी तुझं ऐकलं, म्हणून हे पत्र एवढ्या उशिरा येतंय. बाबा गेले. जून लागला त्याच आठवड्यात. मंडळीतली माणसं म्हणाली, मुलाला बोलावून घे. मी म्हटलं, त्याने बजावलंय. त्या वेळी मला तुझा राग आला होता, तो आता राहिलेला नाही. बाबा गेल्याने मी दिलेल्या शब्दातून सुटले आहे. सगळं सांगते. भावजयीला जवळ बसवून वाच.

तुझं पहिलं पत्र यायच्या आधीच, जानेवारीत, बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. 'बाबा काही बोलले नाहीत' हे मी लिहिलं ते शब्दशः खरं होतं, आणि त्याच्याइतकं खोटं मी जन्मात काही लिहिलेलं नाही. तुला कळवायला निघाले की ते डावा हात आपटायचे. वाकडं झालेलं तोंड तुला कळू द्यायचं नव्हतं. बरे झाले की स्वतःच लिहिणार होते. आपल्या घराची ही खोडच आहे, खाण तशी माती.

ती ओळ मीच लिहिली. पण आधी त्यांनी डाव्या हातात पेन्सिल धरून बघितली. अर्धा दिवस गेला आणि एक रेघ उमटली. तू फराटा म्हणतोस ना, तो. बाबांनी तिच्यासाठी लिहिलेलं तेवढंच आहे. मग ते रडायला लागले, आणि तुझ्याकडे वेळ नव्हता, म्हणून मी त्याच कागदावर खाली लिहिलं.

आता दगडाचं ऐक. तू भिंतीतून उपसून नेलास तो तुझा दगड नव्हता. तो बाबांचा होता.

तू शाळेत जायच्या आधी फाटकाशेजारचं झाड भिंतीवर पडलं. बाबांनी तो भाग पुन्हा रचला, तेव्हा तुझा दगड बुटका म्हणून पलीकडे सरकला आणि त्यांचा तुझ्या जागी आला. खुणा आत, त्यामुळे बाहेरून कोणाला काय कळणार. तू लहानपणापासून फाटकापासून मोजत आलास, तसाच त्या दिवशी मोजलास. तू गेल्यावर बाबा खड्ड्यापाशी गेले, वाकून बघितलं आणि मला म्हणाले, "त्या गाढवाने माझा नेला." मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता पत्र टाकते. तर म्हणाले, "खबरदार. कळलं तर परत येऊन आपला खरा काढून नेईल. राहू दे त्याचा आत." चौदा वर्षं आम्ही दोघांनी तोंड शिवून ठेवलं, ते एवढ्यासाठी. तुझा दगड तिथेच आहे. मुंगीचा हक्क तिच्या जन्मापासून होता.

बाबांनी स्वतःसाठी दुसरा घडवला नाही. बाप्तिस्मा एकदा, दगड एकदा, असं म्हणायचे. शेवटी पंच घरी आले, म्हणाले, तुमच्यासाठी आत जागा ठेवलीय, दगडाचं बघू नंतर. बाबांनी मान हलवली, नाही. देव काही दगड मोजत बसत नाही, हे मला कळतं आणि त्यांनाही कळत होतं. पण दुसऱ्याच्या नातवाला लावलेला नियम स्वतःला चुकवणं त्यांना जमलं नसतं. चाकाच्या खुर्चीतून मला भिंतीबाहेर न्यायला लावलं आणि काठीने जमीन ठोकून जागा दाखवली. न्हावीकाकांच्या नातवाच्या शेजारी.

काकांनी त्यांची शेवटची दाढी केली. फार जपून केली. आई आत आहे, बाबा बाहेर आहेत. मी फाटकातून जा-ये करते.

तुझी ताई


१० जुलै

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम.

आधी मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. वाटलं, ही आणखी एक समजूत. दगडाच्या मागे जुन्या चुन्याचा जाड थर आहे, उपसला तेव्हापासून तसाच. सपाट बाजू वर ठेवायची म्हणून आम्ही तो कधी उलटाच केला नव्हता. हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. ही म्हणाली, आधी पाणी टाक, भिजू दे, नाहीतर खालचं खरवडून टाकशील. दुपारभर ओलं फडकं टाकून ठेवलं. मग चुना पोपड्यांनी सुटला.

शिडी निघाली. बाबांच्या बापाने, म्हणजे आजोबांनी, कोरलेली शिडी, त्यांच्या हातोड्याच्या दांड्यावर होती तीच. माझ्या दगडावर बाबांनी कोरलेला ओळंबा असायला हवा होता.

ताई, चौदा वर्षं मी बापाला दारात बसवून ठेवलं आणि रोज येता-जाता शिव्या घातल्या. मुंगी त्यांच्या मांडीवर बसल्यासारखी बसून बूट घालायची आणि आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. मी त्या दगडापाशीच बसलो आणि रडलो. मुंगी गेली तेव्हाही मी एवढा रडलो नव्हतो, तेव्हा राग आडवा येत होता.

तो कागद माझ्याकडे आहे. फराटा बघतो. वरून खाली येतो, मग जरा वळायला बघतो आणि थांबतो. 'म' काढायला गेले असतील. 'माझा' मधला किंवा 'मुंगी' मधला. तो मी तिला वाचून दाखवला नाही. तिने दोनदा विचारलं आणि मी खिशावर हात ठेवून नाही म्हणालो. हे मी कुठे ठेवू, सांग.

मी येतोय, दगड घेऊन. तो खड्ड्यात परत बसवतो आणि मग पंच असोत की आणखी कोणी, बाबांना आत आणायचं. आईशेजारी.

तुझा,
कपच्या


१८ जुलै

प्रिय कपच्या,
अनेक आशीर्वाद.

ये. पण एक ऐकून ये. खड्डा आता रिकामा नाही. तिथे मुंगीचा दगड आहे.

थांबवा म्हणून लिहिलेलं तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं होतं. लपवालपवी पुरे झाली होती. एक दिवस ते खिडकीकडे बघत पडून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडा मागितला. काम आम्ही दोघं करायचो, टाकी मी धरायची आणि घाव त्यांनी डाव्या हाताने घालायचा. निम्मे घाव टाकीवर बसले, निम्मे माझ्या बोटांवर. गणवेश उशिरा दिले म्हणून शाळेतल्या बाई माझ्यावर चिडल्या, त्यांना काय सांगणार. दगड काही फार चांगला झालेला नाही. एक कड उतरती आहे. ज्या माणसाने आयुष्यभर गुण्याच्या काटकोनाबाहेर रेघ जाऊ दिली नाही, त्याचा हा शेवटचा दगड वाकडा आहे.

माप बघून मी म्हटलं होतं, एवढ्याशा मुलीला एवढा मोठा? त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीच्या टोकाला नवीन जागा करता आली असती, पण त्यांनी स्वतःच्या खड्ड्याचंच माप धरलं होतं. ते जायच्या आठवडाभर आधी दोन माणसं लावून मी तो बसवून घेतला. कोरडाच बसवलाय, चुना घातलेला नाही, कारण मागची बाजू कोरी आहे. खूण बापाने कोरायची असते, तिथे त्यांनी टाकी लावू दिली नाही. पंजाचा कागद दगडामागे आहे. त्यांनीच ठेवायला लावला.

बाबांना आत हलवायचं म्हणतोस. त्या पोराला तिथे एकटं सोडून ते आत येतील असं मला वाटत नाही. मग त्यांचा दगड कुठे ठेवायचा ते मला सुचत नाही. त्यांच्या उशाशी ठेवू या, एवढंच डोक्यात येतं.

तुझी ताई


२५ जुलै

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम.

कोणालाच हलवायचं नाही. भिंत हलवू.

फाटकापासून बाहेर काढायची, बाबांना आणि न्हावीकाकांच्या नातवाला वळसा घालायचा आणि परत जुन्या भिंतीला मिळवायची. भिंतीला पोट आल्यासारखं दिसेल, दिसू दे. पंचांना विचारीन, पण पाया खणून झाल्यावर. मी पाथरवट झालो नाही, तरी ओळंबा कळतो, लिफ्टलाही तोच लागतो. नव्या भिंतीत पहिला दगड बाबांचा. दुसरा त्या पोराचा. काकांना विचार, नातवासाठी खूण कोरतील का. वस्तरा धरणारा हात आहे, टाकीही धरेल.

मी दोन महिन्यांची बिनपगारी रजा टाकलीय. ही पण येतेय. वाटी तिने धरली होती, आता चुना कालवीन म्हणते. तिला विचारलं, मुंगीच्या दगडामागे काय खूण कोरू. ती म्हणाली, बूट.

तू लग्न केलं नाहीस, आम्हाला आता मूल होणार नाही. पुढे नेण्यासारखं वचन आहे पण नेणारं कोणी नाही, म्हणून फार दिवस मी जळत होतो. पुढे जात नसेल तर मी ते मागे नेतो. मुंगीच्या दगडावर तू हात ठेव, आता घरातलं सगळ्यात मोठं माणूस तू आहेस, आणि वाक्य मोठ्याने म्हण, तिला अजून कोणी म्हणून दाखवलेलं नाही. बाबांच्या दगडावर मी हात ठेवीन. माझ्या खिशात तो कागद असेल. आणि मी म्हणेन, मुंगीचा होता तो माझा आहे, बाबा, तुमचाही राहील.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. स्टेशनवर हातगाडी पाठव. या वेळी खांद्यावरून आणणार नाही.

तुझा,
कपच्या